पेंटरच्या पोटावरची रेघ

माझ्या सासऱ्यांना नावाने हाक मारणारं माणूस मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. गल्लीत पेंटर, बाजारात पेंटर, आणि सासूबाई चिडल्या की "अहो पेंटर". दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. बाजाराच्या रस्त्याने चालत गेलं की दर तिसरी पाटी त्यांच्या हातची, आणि मधल्या दोन पाट्यांबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता बऱ्याच पाट्या मशीनवर छापून येतात. त्यांच्याकडे बघून ते नुसतं नाक मुरडतात. शिव्या त्यांनी हाताने वाईट काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत.

माणूस सज्जन, पण सरळ रेषेचं वेड. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं असलं तर त्यांना घास गोड लागत नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हौसेने कागदाच्या पट्ट्या चिकटवून नावं लिहिली होती. तिसऱ्या दिवशी बघते तर पट्ट्या गायब, आणि डब्यांवर थेट रंगाने एकसारखी, देखणी अक्षरं. कौतुक करावं की रडावं मला कळेना. महिनाभर मी त्यांच्याशी मोजकंच बोलले. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळाच.

आणखी एक खोड होती. ते अक्षरं बघतात, मजकूर वाचत नाहीत. लग्नाची पत्रिका आली की हातभर लांब धरून पाच मिनिटं न्याहाळणार, दोन अक्षरांमध्ये जागा कशी नेमकी सोडली आहे ते आम्हाला दाखवणार, आणि मग विचारणार, लग्न कोणाचं आहे? या खोडीवर आम्ही घरात पोट धरून हसायचो. ती एक दिवस जिवावर बेतेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

कामाचा त्यांचा एक नियम होता. शिडीवर चढून शब्द सुरू केला की तो संपवूनच खाली उतरायचं. मध्येच थांबलं तर रंग सुकतो, दुसरा हात पहिल्यावर चढतो आणि सांधा दिसतो. लोकांना नाही दिसत, पण त्यांना दिसतो, आणि मग ते त्या रस्त्याने जाणं सोडतात. तर असा हा माणूस गेल्या वर्षी अर्ध्या शब्दावरून खाली उतरायला लागला. आधी एकदा, मग प्रत्येक अक्षराला. लघवी लाल होत होती, तेही त्यांनी पाहिलं होतं. पण तेव्हा लाल रंगाचं काम चालू होतं, म्हणून हाताचाच रंग असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पकडलं सासूबाईंनी. कपडे धुताना एक डाग दोनदा उजेडात धरून बघितला आणि तसाच ओला कपडा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. चाळीस वर्षं रंगाचे कपडे धुतलेल्या बाईला रंग कोणता आणि रक्त कोणतं हे कोणी शिकवायला नको. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

दुर्बिणीतून तपासणी झाली. मूत्राशयात गाठ होती. डॉक्टरांनी ती आतून खरवडून काढली, पण तिची मुळं स्नायूत उतरलेली निघाली. काही रंगांमधली रसायनं आणि सिगारेट, दोन्हींचं या आजाराशी नातं आहे, असं डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी सिगारेट सोडून दहा वर्षं झाली होती, रंग मात्र सुटणं शक्य नव्हतं. पुढे दोन वाटा होत्या. एक, मूत्राशय काढून टाकायचं आणि पोटावर लघवीची पिशवी लावायची. दुसरी, मूत्राशय ठेवायचं आणि साडेसहा आठवडे त्यावर किरणांचा मारा करायचा, सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. दुसऱ्या वाटेने मूत्राशय वाचेलच अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं, काही उरलं असलं तर मग ऑपरेशनच.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किरणांचं करा. त्याने नाही झालं तर राहू द्या. पिशवी लावून मी जगणार नाही."

पिशवी लावूनही लोक नोकऱ्या करतात, पोहतात, नाचतात, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. सासरे खिडकीबाहेरची औषधाच्या दुकानाची पाटी बघत बसले. म्हणजे गोष्ट उघड होती. किरणांनी काम केलं तर हे राहणार, नाही केलं तर आपल्या हट्टापायी जाणार. घरी आल्यावर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, पण हट्ट तिळभर हलला नाही.

नवऱ्याची कारखान्यात सकाळची पाळी आणि माझे टायपिंगचे वर्ग संध्याकाळचे, म्हणून रोज सकाळी त्यांना घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम म्हणजे नुसतं सोबत जाणं नव्हे. किरण देताना मूत्राशय रोज सारखंच रिकामं हवं. भरलेलं असलं की ते फुगतं, जागा बदलतं आणि किरण भलतीकडे पडतात. त्यामुळे किती वाजता किती पाणी प्यायचं हे ठरलेलं, आणि मशीनच्या टेबलावर जायच्या बरोबर पाच मिनिटं आधी लघवी करून यायचं. यावर लक्ष ठेवायचं कोणी? सुनेने. ज्या सासऱ्यांशी मी अकरा वर्षांत चहात साखर किती याच्या पलीकडे बोलले नव्हते, त्यांना रोज सकाळी भर दवाखान्यात विचारायचं, बाबा, जाऊन आलात का?

पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना आणि त्यांची मान वर होईना. मग त्यांनीच मार्ग काढला. एकदा खोकले की जाऊन आलो, दोनदा खोकले की अजून नाही. चार दिवस हे छान चाललं. पाचव्या दिवशी त्यांना खरोखरचा खोकला लागला आणि माझी पंचाईत झाली. तेवढ्यात मशीनवरच्या मुलीने दारातून मोठ्याने विचारलं, "आजोबा, लघवी करून आलात ना?" सगळी बाकं आमच्याकडे वळली. सासरे लाल झाले, मी भिंतीवरचं घड्याळ बघू लागले.

ही मुलगी म्हणजे चष्मेवाली. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मशीनच्या खोलीत तिचा शब्द चाले. सुरुवातीला स्कॅन करून तिनेच सासऱ्यांच्या पोटावर शाईने तीन फुल्या काढल्या होत्या, एक बेंबीच्या खाली आणि एकेक दोन्ही कुल्ह्यांवर. खोलीच्या भिंतींतून बारीक लाल प्रकाशाच्या रेघा येतात, त्या फुल्यांवर जुळल्या की माणूस जागेवर आला असं समजायचं. आंघोळ जपून करायची, तिथे साबण लावायचा नाही, वगैरे सूचनांचा एक कागद तिने त्यांना दिला होता. त्यांनी तो नेहमीप्रमाणे लांब धरून पाहिला, छपाई बरी आहे म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला. बाहेर आल्यावर मात्र कुरकुर सुरू झाली. मुलीचा हात कापतो, फुल्या गबाळ्या आहेत, उजवीकडची डावीपेक्षा खाली आहे. मी म्हटलं, बाबा, ती पाटी नाही. ते गप्प बसले. ते गप्प बसले की समजावं, विषय संपलेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्रास सुरू झाला. जळजळ, सारखी घाई, आणि थकवा असा की जिना चढताना मध्येच बसायचे. दवाखान्यापर्यंतचा बसचा रस्ता चाळीस मिनिटांचा, पण आम्हाला वाटेत दोनदा उतरावं लागे. एकदा पेट्रोल पंपाशी, एकदा वाचनालयाशी. तिथली बाई तर आम्ही दिसलो की न विचारताच आतल्या दाराकडे बोट दाखवायची. परतताना ते डोळे मिटून बसायचे. मी शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यांवरचे हात बघायची, कारण चेहऱ्याकडे बघितलं की माझा धीर सुटायचा.

त्या शनिवारी आंघोळीनंतर फुल्या पुसट झालेल्या त्यांना दिसल्या. मला सांगायचं म्हणजे सुनेला पोट दाखवायचं. सासूबाईंना सांगितलं तर त्या काळजीने घर डोक्यावर घेणार. म्हणून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. फूटपट्टी लावली, बारीक ब्रश घेतला, काळा ऑइलपेंट घेतला आणि तिन्ही फुल्या नव्याने रंगवल्या. रंगवताना उजवीकडची वर घेऊन डावीच्या रेषेत आणली. झालेलं काम त्यांना इतकं आवडलं की रविवारचा दिवस ते खुशीत होते. आम्हाला वाटलं, आराम पडतोय.

सोमवारी मी बाहेर बाकावर होते. रोज दहा मिनिटांत उघडणारं दार वीस मिनिटं झाली तरी उघडेना. मग चष्मेवालीच बाहेर आली. आवाज शांत होता, पण ओठ घट्ट आवळलेले.

"यांच्या पोटावर रंगकाम कोणी केलंय?"

टेबलावर घेतल्याबरोबर तिला संशय आला होता. तिच्या हाताने अशी सुबक फुली जन्मात निघाली नसती, हे तिनेच कबूल केलं. तरी तिने लाल रेघा जुळवून किरणांआधीचा फोटो काढला, तर आतली हाडं ठरल्या जागेपासून बोटभर सरकलेली. फोटो न काढता मशीन चालू केलं असतं तर त्या दिवशी किरण गाठीच्या जागेवर न पडता शेजारच्या आतड्यावर पडले असते. तिने मशीन थांबवलं होतं आणि सासऱ्यांना विचारलं होतं. त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, की खुणा तिरक्या होत्या, मी सरळ केल्या.

ती त्यांना बाहेर घेऊन आली आणि माझ्यासमोरच समजावलं. रागावली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "आजोबा, खुणा सरळच होत्या. तुम्ही तिरके आहात. इतकी वर्षं शिडीवर एका पायावर भार देऊन तुमचा उजवा कुल्हा खाली गेलाय. मी खूण तुमच्या अंगाप्रमाणे काढली होती."

सासऱ्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. जन्मभर जगाला ओळंब्यात बसवणाऱ्या माणसाला आपण स्वतःच कललेले आहोत हे सत्तराव्या वर्षी कळलं. कोणी तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले. मग हळूच म्हणाले, रंग टर्पेंटाइनने निघेल. चष्मेवाली किंचाळायचीच बाकी राहिली. किरणांनी कोवळी झालेली कातडी, तिला टर्पेंटाइन? शेवटी तिने अर्धा तास बसून तेलाच्या बोळ्याने तो रंग काढला.

त्या दिवशी किरण मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, कारण पुन्हा स्कॅन करून नव्या खुणा कराव्या लागल्या. मध्ये खंड पडणं चांगलं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी दोन शनिवार मशीन चालवून दिवस भरून काढायचं ठरवलं, पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. मी खिशातला तो कागद काढायला लावला. पाचव्या ओळीत ठळक छापलं होतं, खुणा पुसट झाल्यास स्वतः गडद करू नयेत, लगेच कळवावे.

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार माणसांदेखत. "तुम्हाला लाज वाटली म्हणून मला सांगितलं नाहीत ना? लाजेपायी जीव घालवणार होता? मी रोज इथे कशाला येते, बाबा? घड्याळ बघायला?" आणखीही बरंच बोलले. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं." एवढंच. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द सासूबाईंनीही कधी ऐकले नसतील.

दुसऱ्या दिवसापासून खोकणं बंद झालं. मी विचारायच्या आधीच ते सांगायचे, जाऊन आलो. कधी कधी तर जळजळ कालच्यापेक्षा कमी की जास्त, तेही सांगायचे. मीही डायरीत टिपून घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायची. त्रास तोच होता, पण दोघांनी मिळून सोसायला लागल्यापासून हलका वाटू लागला, हे खरं सांगते.

बाकावर आमच्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसायचे. बायकोच्या उपचारांसाठी यायचे. ऑइलपेंटची गोष्ट एव्हाना दवाखानाभर झाली होती आणि ती ऐकून ते पोट दुखेपर्यंत हसले होते. एक दिवस त्यांनी सासऱ्यांना विचारलं, आजार कशाचा? सासऱ्यांनी सांगितलं, आणि पिशवीबद्दलचं आपलं मतही सांगून टाकलं. ड्रायव्हरने इकडेतिकडे बघितलं आणि सदऱ्याचं टोक जरासं वर केलं. सहा वर्षं झाली होती त्यांना पिशवी लावून. गेल्या महिन्यात नातीला सायकल शिकवली, म्हणाले, मागे पळत पळत.

सासऱ्यांनी चष्मा सारखा केला, पुढे वाकून ती पिशवी नीट निरखून पाहिली आणि विचारलं, "ही तिरकी का लावलीय?"

"सरळ लावली की वाकताना दुमडते, म्हणून मी अशीच लावतो," ड्रायव्हर म्हणाले. सासऱ्यांनी मान डोलावली. कारण पटलं की ते मान डोलावतात, एरवी नाही. मग ते दोघं नातवंडांबद्दल आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत बसले.

बत्तीस दिवस पुरे झाले. चष्मेवालीने शेवटच्या दिवशी खुणा पुसल्या आणि आता हवं ते रंगवा म्हणाली. मग तीन महिने वाट बघणं. या काळात घाई कमी होत गेली, अंगात ताकद आली. ते बाजारात जाऊन पाट्या बघून येऊ लागले, आणि आल्यावर पुन्हा लोकांच्या कामाला नावं ठेवू लागले. सासूबाई म्हणाल्या, आता बरे होतायत. पण दुर्बिणीची तारीख जवळ आली तशी आम्हा दोघींची झोप उडाली. दुर्बीण घातली, संशय वाटला तिथला एक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही नेहमीच्या बसमधून निघालो. अर्ध्या रस्त्यात ते खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "वाईट निघालं तर ऑपरेशन करून घेऊ. पिशवी लावीन मी. तुझ्या सासूला तू सांग, मला सांगताना अवघड होईल."

मी फक्त बरं म्हटलं. पुढे बोलले असते तर बसमध्येच हुंदका फुटला असता. महिनोन् महिने ज्या एका वाक्याची मी वाट बघत होते ते त्यांनी बसचं तिकीट मागावं तितक्या सहज म्हटलं होतं. आता रिपोर्ट काहीही निघो, हा माणूस जगायचं म्हणत होता.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं, पान उलटून पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, तुकड्यात कर्करोगाची एकही पेशी नाही. मूत्राशय स्वच्छ आहे, ते तुमचंच राहील. दर तीन महिन्यांनी बघत राहावं लागेल, तेवढी शिस्त पाळा. सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. मी सासूबाईंना फोन लावला, त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मागाहून कळलं, त्यांना बोलताच येईना.

मी मात्र खंबीर. औषधं घेतली, पुढची तारीख लिहून घेतली, चष्मेवालीला दारातून हात केला. बसथांब्यावर येऊन बाकावर बसले, आणि काय झालं कोणास ठाऊक, एकदम रडू कोसळलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना. सासरे शेजारी अवघडून उभे. सुनेच्या डोळ्यांतलं पाणी कसं थांबवायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एवढ्यात आमची बस आली. मी उठायला लागले तर त्यांनी मला हाताने खाली बसवलं आणि ड्रायव्हरला, जा तू, अशी खूण केली. बस निघून गेली.

"रडून घे पोटभर," ते माझ्या शेजारी बसत म्हणाले. "पुढची पाऊण तासाने आहे. आता मला तेवढा दम निघतो."

आणि खरंच, पाऊण तास ते जागचे हलले नाहीत.